स्क्रूज सुधारतच नाही?? (जुन्या पुस्तकांवरच्या मूक शॉर्टफिल्म्स)

तिरकी_रेघ:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं पोटात घाला.

तर आमचा एक वाचनगट आहे, सातआठ टाळकी, महिन्याला एक जुनं पुस्तक घ्यायचं आणि त्यावरून भांडायचं एवढाच कार्यक्रम. या महिन्यात डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' होतं, स्क्रूज नावाचा कंजूष म्हातारा ख्रिसमसच्या रात्री भुतं भेटल्यावर सुधारतो ती गोष्ट. एकजण म्हणाला यावर १९०१ सालची मूक फिल्म आहे, काही मिनिटांचीच आहे, नेटवर मिळते, सगळे मिळून बघू. मी म्हटलं थांबा, आधी मी एकटी बघते मग ठरवू. बघितली आणि तेव्हापासून डोकं खाजवत बसलेय.

एक तर काही कळतच नाही. मी पुस्तक दोनदा वाचलंय म्हणून कळलं, नाहीतर एक म्हातारा, एक चादर पांघरलेला माणूस, मग खिडकीच्या काळ्या पडद्यावर काय काय उमटतं आणि म्हातारा हातवारे करतो, बस. शिवाय पुस्तकात तीन भुतं आहेत ना, भूतकाळाचं, वर्तमानाचं आणि भविष्याचं? इथे तिघांचाही पत्ता नाही, स्क्रूजचा मेलेला भागीदार मार्ले, त्याचं भूतच एकटं सगळी ड्यूटी करतंय. आणि जे सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे स्क्रूजला स्वतःचं थडगं दिसतं, मग टिमच्या (त्याच्या कारकुनाच्या आजारी पोराच्या) मरणाचा प्रसंग, आणि खेळ खल्लास. म्हणजे तो सुधारतच नाही! ज्याच्यासाठी सगळं पुस्तक लिहिलं तेच उडवलं? की दिग्दर्शकाला मुद्दामच असा कडू शेवट करायचा होता?

आणि मूळ प्रश्न असा की हातात एवढीशी मिनिटं असताना हे लोक डिकन्स, शेक्सपिअर, दान्ते असलं अवजड सामान उचलायला का जायचे? एखादी साधी छोटी गोष्ट घ्यायची की. आणि गटासाठी पाऊण तासाचा कार्यक्रम करायचा झाला तर काय काय दाखवावं, की नादच सोडावा? जाणकारांनी सांगा.

---

रीळवाला:

तिरकी_रेघ, आधी शेवटाचं सांगून टाकतो म्हणजे तुमच्या जिवाला शांती मिळेल. शेवट कडू वगैरे काही नाही, शेवट हरवलाय. 'स्क्रूज, ऑर मार्लेज घोस्ट' आज अर्धवटच शिल्लक आहे, पुढचा तुकडा कुठेच सापडलेला नाही. तुम्ही बघितलंत ते पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली असताना वाचावं तसं झालंय. गटाला दाखवण्याआधी हे सांगा नाहीतर एखादा त्यावर मोठा सिद्धांत मांडून मोकळा होईल, मी असे लोक पाहिलेत.

भुतांचं म्हणाल तर फिल्म सरळ पुस्तकावरून घेतलेली नाही, त्याच वर्षी लंडनला याच गोष्टीवर जे सी बकस्टोनचं नाटक आलं होतं त्याच्यावरून घेतलीये. रंगमंचावर तीन भुतं नाचवण्यापेक्षा मार्लेकडूनच सगळं उरकून घेतलेलं, तीच युक्ती फिल्मवाल्यांनी उचलली. त्या काळातल्या बऱ्याच 'पुस्तकांवरच्या' फिल्म्स खरं म्हणजे नाटकांवरच्या असायच्या, हे लक्षात ठेवलं की अर्धे घोळ मिटतात. पुस्तक आधी रंगमंचावर जायचं, तिथे त्याची काटछाट व्हायची, लोकांना कुठले प्रसंग आवडतात ते कळायचं, आणि तेवढे प्रसंग मग कॅमेऱ्यापुढे.

आता तुमचा मूळ प्रश्न, अवजड सामान का उचलायचे. मला वाटतं प्रश्नच उलटा आहे. गोष्ट सांगायला वेळ नव्हता म्हणूनच लोकांना आधीपासून पाठ असलेली गोष्ट घ्यायचे! नवीन छोटी गोष्ट घेतली की हा कोण, ती त्याची कोण लागते, घर कुणाचं, हे सगळं सांगत बसावं लागतं, आणि आवाज नाही, मध्ये मध्ये मजकूर दाखवणाऱ्या पाट्याही नुकत्याच सुरू होत होत्या. स्क्रूज कोण हे १९०१ च्या इंग्लंडमध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं. म्हातारा, रात्र, दाराची कडी, एवढं दाखवलं की प्रेक्षक आपणहून पुढचं भरून काढायचा. म्हणजे फिल्म गोष्ट सांगतच नाहीये, माहीत असलेल्या गोष्टीतली चित्रं हलवून दाखवतेय. तुम्हाला पुस्तक वाचल्यामुळे कळलं असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण ती तशीच बघायची वस्तू आहे.

परत एकदा बघा आणि यावेळी फक्त दोन जागा बघा. एक म्हणजे दाराची कडी. स्क्रूज घरी येतो आणि कडीच्या जागी मार्लेचा चेहरा उमटतो. पुस्तकात ते काही ओळींत येतं, इथे क्षणभराची गंमत आहे पण तेव्हाच्या प्रेक्षकांना ती जादूच वाटत असणार. आणि दुसरी जागा तुम्ही म्हणताय तो काळा पडदा. तो काळा का आहे? काळ्या भागातून फिल्मवर उजेड पडतच नाही, म्हणजे तेवढी जागा कोरी राहते. मग फिल्म कॅमेऱ्यात मागे गुंडाळायची आणि त्याच कोऱ्या जागेवर दुसरा प्रसंग परत चित्रित करायचा. लहानपणीचा स्क्रूज त्या पडद्यावर दिसतो तो असा. दिग्दर्शक वॉल्टर बूथ हा मुळात जादूचे प्रयोग करणारा माणूस, आणि निर्माता रॉबर्ट पॉल हा उपकरणं बनवणारा इंजिनिअर, दोघांनी मिळून लंडनच्या उत्तरेला मसवेल हिलच्या स्टुडिओत हे केलं. मला तर वाटतं बूथला डिकन्सशी फार देणंघेणं नसावं, भूत असलेली आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट हवी होती, ती मिळाली.

(अवांतर: दान्तेच्या नरकावरची इटालियन फिल्म १९११ ची, पण ती तासाभराची आहे, शॉर्टमध्ये धरू नका.)

---

जांभई:

माझे दोन आणे, शिव्या पडणार हे माहितीये. मी यातल्या सातआठ बघितल्यात आणि प्रामाणिकपणे सांगतो, झोप येते. कॅमेरा खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकासारखा एका जागी, माणसं पायापासून डोक्यापर्यंत, चेहरा दिसत नाही, सगळे हात वर करून धावतात आणि प्रिंट असा की बाहेर पाऊस चाललाय की फिल्मवरचे ओरखडे आहेत ते कळत नाही. 'इतिहास म्हणून महत्त्वाचं' हे मान्य, पण पाऊण तास?? गट फुटेल तुमचा ताई.

---

दुर्बीण_०७:

@जांभई, ओरखड्यांचं खरं आहे पण 'सगळ्या सारख्याच' हे नाही पटत. एडिसन कंपनीची १९१० ची 'फ्रँकेन्स्टाइन' बघितलीत का? दिग्दर्शक जे सर्ल डॉली, राक्षस झालाय चार्ल्स ऑगल. एका रिळाची, म्हणजे दहापंधरा मिनिटांची फिल्म आहे. त्यातला राक्षस जन्मतो तो प्रसंग मी तरी पाचसहा वेळा मागे घेऊन बघितला.

कसं केलंय सांगते. मोठी कढई आहे, फ्रँकेन्स्टाइन त्यात एकेक गोष्ट टाकतो, मोठं लोखंडी दार लावून घेतो आणि फटीतून बघत बसतो. मग कढईतून काहीतरी वर यायला लागतं. आधी नुसता सापळा, मग त्यावर मांस चढायला लागतं, आणि एक हात असा आपोआप वर उचलला जातो. अंगावर काटा येतो हो अक्षरशः. खरं म्हणजे त्यांनी एक पुतळा जाळला आणि ते चित्रण उलटं चालवलं. म्हणून ज्वाळा आणि धूर नीट बघा, बाहेर जायच्या ऐवजी आत ओढले जातायत. ते मेंदूला लगेच कळत नाही पण काहीतरी चुकतंय हे जाणवत राहतं, आणि तीच त्याची भीती आहे. संगणक नाही काही नाही, एक बाहुला आणि काडेपेटी.

अजून एक. एडिसनवाल्यांनी स्वतःच्या जाहिरातीतच सांगून टाकलं होतं की मूळ कथेतलं किळसवाणं आम्ही गाळलंय आणि मनाचा जो भाग आहे त्यावर भर दिलाय. ऐकायला सारवासारव वाटते, पण शेवट बघा. राक्षस आरशासमोर उभा राहतो, आणि तो विरून जातो पण आरशातलं प्रतिबिंब तसंच राहतं. मग फ्रँकेन्स्टाइन येतो, आरशात त्याला स्वतःच्या जागी राक्षस दिसतो, आणि हळूहळू तो पुसला जाऊन स्वतःचा चेहरा येतो. पुस्तकात हे असं कुठेही नाही. कादंबरीवर एवढा वाद घालणाऱ्या गटाला हे दाखवा आणि विचारा, राक्षस होता की नव्हताच? तासभर तरी भांडतील.

आणि हा प्रिंट कितीतरी वर्षं कुणाला माहीतच नव्हता, फिल्म कायमची गेली असंच धरून चाललेले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका संग्राहकाकडे तो होता. आता लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१८ मध्ये नीट स्वच्छ करून आणलाय, तोच बघा, बाकीच्या धुरकट कॉप्यांच्या नादी लागू नका. जांभईंच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतील.

---

जांभई:

कढईचा प्रसंग आत्ता बघितला. मान्य. हात वर येतो ते भारी आहे. बाकी मत कायम :)

---

गच्चीवरून:

मस्त धागा. रीळवाला यांच्याशी सहमत, फक्त एक भर घालतो. ओळखीची गोष्ट हे एक कारण झालं, दुसरं कारण म्हणजे जुनं पुस्तक फुकट असतं. मेलेला लेखक पैसे मागत नाही.

जिवंत किंवा नुकत्याच गेलेल्या लेखकांचंही तेव्हा बिनधास्त उचलायचे. कॅलेम कंपनीने १९०७ मध्ये 'बेन हर' वर एक रिळाची फिल्म काढली, ना परवानगी ना पैसे. ती एवढी जाड कादंबरी पंधरा मिनिटांत, म्हणजे रथांची शर्यत आणि इकडचं तिकडचं. लेखक ल्यू वॉलेस १९०५ मध्येच वारलेला पण हक्क जिवंत होते, वारस आणि प्रकाशक गेले कोर्टात. कंपनीचं म्हणणं साधारण असं की आम्ही नुसती चित्रं दाखवली, पुस्तकातला शब्दही छापलेला नाही. प्रकरण पार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९११ मध्ये निकाल लागला की मुक्याने केलं तरी ते नाट्यरूपांतरच, हक्क विकत घ्यावे लागतील. कंपनीला २५,००० डॉलर मोजावे लागले. तिथून पुढे 'कथेचे हक्क' नावाचा प्रकार सुरू झाला म्हणा. शेक्सपिअरला हात लावला तर कोण येतंय कोर्टात.

तिसरं कारण म्हणजे अब्रू. सिनेमा तेव्हा जत्रेतली करमणूक, शिकल्यासवरलेल्यांनी नाक मुरडायचं. मोठं नाव लावलं की पोलीस, पाद्री आणि वर्तमानपत्रं जरा गप्प बसायची. फ्रान्समध्ये तर १९०८ साली फिल्म दार नावाची कंपनी बड्या नाट्यसंस्थेचे नट घेऊन कामाला लागली. अमेरिकेत व्हायटाग्राफने त्याच सुमारास शेक्सपिअरची नाटकं एकेका रिळात काढायचा सपाटाच लावला. ब्राउनिंगच्या कवितेवरची अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथची 'पिप्पा पासेस' (१९०९), तिच्याबद्दल न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं, तोवर सिनेमाकडे त्यांनी असं बघितलेलंच नव्हतं.

बाय द वे क्लोजअप, आलटून पालटून दोन ठिकाणं दाखवणं हे सगळं ग्रिफिथने डिकन्सकडून घेतलं ना? म्हणजे जांभईंचा जो 'कॅमेरा हलत नाही' आक्षेप आहे त्यावरचं औषधही पुस्तकातूनच आलं.

---

रीळवाला:

गच्चीवरून, 'बेन हर' छान आठवलंत. पण ग्रिफिथचं थोडं सावरून घेतो, कारण हे वाक्य जो तो फेकतो. क्लोजअप त्याने शोधलेला नाही, त्याच्या आधी इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या बाजूला जॉर्ज अल्बर्ट स्मिथ १९०० मध्येच भिंगातून दिसणारा मोठा डोळा वगैरे दाखवत होता. डिकन्सची गोष्ट येते ती ग्रिफिथच्या बायकोने लिहिलेल्या आठवणींतून. १९०८ मध्ये ग्रिफिथ 'आफ्टर मेनी इयर्स' करत होता, नवरा जहाज फुटून बेटावर अडकलाय आणि इकडे बायको वाट बघतेय. त्याने बायकोवरून सरळ बेटावरच्या नवऱ्यावर उडी मारली. कंपनीतले लोक म्हणाले असं मध्येच तोडून दाखवलं तर लोकांना कळणार कसं, तर हा म्हणाला डिकन्स असंच लिहितो की. गंमत म्हणजे फिल्म डिकन्सवर नाहीच, टेनिसनच्या 'ईनॉक आर्डन' या कवितेवर आहे! रशियन दिग्दर्शक आयझेन्स्टाइनने पुढे या डिकन्स आणि ग्रिफिथच्या नात्यावर एक मोठा निबंध लिहिला म्हणून ते सगळीकडे पसरलं.

तीच कविता ग्रिफिथने १९११ मध्ये परत केली, यावेळी दोन रिळांत. कंपनीने काय करावं? दोन वेगवेगळ्या दिवशी दोन फिल्म्स म्हणून सोडल्या, एकदम एवढा वेळ लोक बसणार नाहीत म्हणून. लोकांनी एकत्र दाखवा म्हणून मागणी केली. म्हणजे जांभई, तुमच्यापेक्षा तेव्हाच्या प्रेक्षकांचा धीर दांडगा होता ;)

स्मिथवरून आठवलं. तिरकी_रेघ, तुमच्या यादीत 'द डेथ ऑफ पुअर जो' घ्याच घ्या. डिकन्सच्या 'ब्लीक हाउस' कादंबरीतला झाडूवाला पोरगा जो. एका मिनिटाचीच फिल्म आहे. बर्फ पडतंय, पोरगा भिंतीला टेकून कोसळतो, कंदील घेतलेला पहारेकरी येतो, त्याला धरतो, कंदिलाचा उजेड चेहऱ्यावर पाडतो, आणि तो जातो. १९०१ च्या मार्चच्या आधीची, म्हणजे तुमच्या स्क्रूजच्याही आधीची, आज शिल्लक असलेली सगळ्यात जुनी डिकन्सवरची फिल्म. आणि ती सापडली २०१२ मध्ये! ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या भांडारात होतीच पण भलत्याच नावाने आणि चुकीच्या सालाने नोंदलेली, त्यामुळे कुणी ओळखलीच नाही. आठशेनऊशे पानांच्या कादंबरीतून एक मिनिट. आता सांगा, हे 'रूपांतर' आहे का? मी म्हणतो नाही, ही आठवण आहे. ज्याने पुस्तक वाचून त्या पानावर डोळे पुसले त्याच्यासाठी ते पान उघडून ठेवलंय.

---

कोपऱ्यातली_खुर्ची:

वाचतेय, छान चाललंय. मला 'ॲलिस इन वंडरलँड' (१९०३) सुचवावीशी वाटते, सेसिल हेपवर्थ आणि पर्सी स्टो यांची. तेव्हा तिची पट्टी ८०० फुटांची होती, इंग्लंडमध्ये तोवर एवढी लांब फिल्म कुणी केलेली नव्हती. आता काही भाग गळालाय आणि प्रिंट फार खराब, कडेने सगळं जळल्यासारखं दिसतं, पण मला तर त्या डागांमुळेच ते स्वप्न वाटतं. ॲलिस लहान मोठी होते ते बघा, आणि पत्त्यांची मिरवणूक. सगळं टेनिएलच्या मूळ चित्रांबरहुकूम करायचा प्रयत्न आहे, म्हणजे लोकांना पुस्तकातली पानंच हलताना दिसावीत. आणि ते चेशायर मांजर! हेपवर्थांच्या घरचंच खरंखुरं मांजर बसवलंय, हसण्याचा पत्ता नाही, 'मला इथे का आणलंय' असा चेहरा. सशाच्या आणि राणीच्या भूमिकेत हेपवर्थची बायको, बेडूक झालाय तो स्वतः. घरचं कार्य असावं तसं.

चित्रांवरून आठवलं, फाळक्यांचंही तेच नाही का? 'राजा हरिश्चंद्र' ची सुरुवात, राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतोय, ते दृश्य बघून राजा रविवर्म्याचं चित्र आठवतंच. फाळके तर रविवर्म्याच्या छापखान्याचं काम केलेले. लोकांच्या भिंतीवर होतं तेच पडद्यावर हललं.

---

गच्चीवरून:

+१. फक्त ती १९१३ ची आणि ३,७०० फुटांची, शॉर्ट म्हणता येणार नाही. पण मुद्दा तोच, हरिश्चंद्र कोण ते पाट्यांत सांगायची गरज नव्हती.

---

तिरकी_रेघ:

अरे बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार. रीळवाला, तुम्ही म्हणालात तशी परत बघितली, कडीचा चेहरा पहिल्या वेळी माझ्या लक्षातच आला नव्हता, मी पाटी वाचण्यात गुंग होते.

आता दोन व्यावहारिक शंका. शेक्सपिअरमधलं काय घ्यावं, कारण गटात एक कट्टर शेक्सपिअरवाले काका आहेत आणि संवादांशिवाय शेक्सपिअर म्हणजे काय असं ते आत्तापासूनच म्हणतायत. आणि दुसरं म्हणजे काही फिल्म्स नेटवर एका ठिकाणी अकरा मिनिटांच्या दिसतात, दुसरीकडे सोळा मिनिटांच्या. कापलेल्या असतात का?

---

रीळवाला:

कापलेल्या असतीलही पण बहुतेक वेळा वेगाचा फरक असतो. साधं गणित आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. रीळ १,००० फुटांचं, म्हणजे १६,००० चित्रं. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं. १६ ने चालवली तर १,००० सेकंद, म्हणजे सोळा मिनिटं चाळीस सेकंद. तीच बोलपटाच्या २४ च्या वेगाने पळवली की अकरा मिनिटांत गाडी स्टेशनात. मूकपटातली माणसं तुरुतुरु धावतात असा जो समज आहे तो त्यामुळेच, बिचारी तेव्हाही आपल्यासारखीच चालायची. तेव्हा नेहमी लांबीने जास्त असलेली प्रत घ्या, काकांचा निम्मा विरोध तिथेच मावळेल.

शेक्सपिअरमध्ये सगळ्यात जुनी १८९९ ची 'किंग जॉन', नट हर्बर्ट बीरबोम ट्री विष चढून खुर्चीत तडफडतोय. चार प्रसंग चित्रित केलेले, एकच उरलाय, मिनिटभराचा. काकांना दाखवा, संवाद नाहीत पण ओठ थांबत नाहीत, तो माणूस मुक्या कॅमेऱ्यापुढेही पूर्ण भाषण म्हणतोय! १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात फ्रेंच नटी सारा बर्नहार्टने हॅम्लेट होऊन द्वंद्व केलं तेव्हा तर बरोबर ध्वनिमुद्रिका वाजवायचे, तलवारींचा खणखणाट यावा म्हणून. म्हणजे 'मूक' हा शब्दही तितकासा खरा नाही, कुठे वादक, कुठे बाजूला उभं राहून गोष्ट समजावणारा माणूस. जपानात त्याला बेन्शी म्हणायचे आणि लोक फिल्मपेक्षा त्याचं नाव बघून यायचे.

पण एकच घ्यायची तर पर्सी स्टोची 'द टेम्पेस्ट' (१९०८), बारा मिनिटं. नाटकात जादूगार प्रॉस्परो मुलीला शेजारी बसवून जुनी कहाणी सांगतो, लांबलचक भाषण आहे, ती मध्ये मध्ये पेंगते की काय असं त्यालाही वाटतं. फिल्ममध्ये भाषण करता येत नाही ना, मग त्यांनी गोष्ट सरळ पहिल्यापासून लावली, लहानग्या मुलीला घेऊन तो बेटावर येतो तिथून. वादळाच्या विजा चक्क फिल्मवर ओरखडून काढल्यात. एरिएल, म्हणजे प्रॉस्परोच्या हुकमातलं अदृश्य होणारं भूत, इथे एक लहान मुलगी आहे, दिसते, नाहीशी होते, परत दिसते, कॅमेरा थांबवून तिला बाजूला करायचं एवढंच तंत्र, पण एरिएलसाठी आणखी काय पाहिजे? रंगमंचावर तिला पळत विंगेत जावं लागलं असतं.

रंगीत हवी असेल तर १९१० ची इटालियन 'किंग लिअर' घ्या, एर्मेते नोव्हेल्ली लिअर. रंग प्रत्येक चित्रावर वेगळे भरलेत, उघड्यावर खऱ्या उन्हात चित्रित केलीये, आणि शेवटी तो मेलेल्या मुलीला, कॉर्डेलियाला, घेऊन येतो तिथे काका गप्प होतील, पैज.

---

जांभई:

एवढ्या सगळ्या हरवल्या कशा काय पण? कुणी जपल्या नाहीत?

---

दुर्बीण_०७:

जपण्यासारखी वस्तू आहे असं कुणाला वाटलंच नाही, महिनाभर दाखवली की झालं. आणि नायट्रेटची फिल्म, भयंकर पेट घेते, एकदा पेटली की पाण्याखालीही विझत नाही कारण जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच सोडते. नाही जळली तर कुजते, आधी चिकट मधासारखी होते, मग भुगा. अमेरिकेत मात्र एक विचित्र योग जुळून आला, १९१२ पर्यंत फिल्मला वेगळा कॉपीराइटच नव्हता, म्हणून कंपन्या सगळी फिल्म कागदाच्या पट्टीवर छायाचित्रं म्हणून छापून सरकारदरबारी जमा करायच्या. फिल्म्स गेल्या, कागद राहिले, आणि त्या कागदावरून परत फिल्म्स बनवल्या. तीन हजारांवर आहेत अशा. कारकुनी कधी कधी अशीही उपयोगी पडते.

---

तिरकी_रेघ:

कालच कार्यक्रम झाला, वृत्तांत द्यायचा राहिला होता. पुअर जो, टेम्पेस्ट, ॲलिस, फ्रँकेन्स्टाइन आणि शेवटी स्क्रूज, असा क्रम लावला. संगीत बंद ठेवलं आणि त्या समजावणाऱ्या माणसावरून डोक्यात आलं म्हणून प्रत्येक फिल्मच्या आधी मूळ पुस्तकातलं एकेक पान मोठ्याने वाचलं, प्रत्येकाने आळीपाळीने. टेम्पेस्टच्या आधी काकांनी प्रॉस्परोचं भाषण वाचायला घेतलं आणि ते संपेनाच, शेवटी त्यांचेच ते म्हणाले की फिल्मवाल्यांनी बरं केलं. राक्षसाच्या आरशावरून अपेक्षेप्रमाणे जुंपली, अजून व्हॉट्सॲपवर चालू आहे.

स्क्रूजच्या आधी मी मुद्दाम सांगितलं नाही की शेवट हरवलाय (सॉरी रीळवाला). टिमचा प्रसंग आला आणि पडदा काळा. कुणी हललं नाही. अर्धा मिनिट तरी तसेच बसलो, मग काका म्हणाले, "पुढे?" मी दिवा लावला, पुस्तक काढलं आणि तो सकाळी उठून खिडकी उघडतो तिथून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

---

रीळवाला:

माफ केलं. पुढच्या महिन्यात कुठलं पुस्तक?

---

तिरकी_रेघ:

'बेन हर'. पण गटात एक वकीलबाई आहेत, त्या फिल्मऐवजी निकालपत्रच वाचू म्हणतायत.